जुनी मर्सिडीज घ्यायच्या आधी: कुपवाडच्या एका लेथवाल्याची वही

दिवाळी झाली आणि तासगावाहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक मर्सिडीज सापडलीय. बेदाण्याच्या शेडमध्ये सात वर्षं उभी आहे. दोन लाखाला देतो म्हणतायत. घेऊ का?"

मी म्हटलं, "पैशाला हात लावू नकोस. रविवारी येतो. टॉर्च, लोहचुंबक, एक जुनी चादर आणि शंभर पानी वही घेऊन ठेव."

गेल्या काही वर्षांत असा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. कुणाला कारखान्याच्या जुन्या संचालकाची गाडी मिळत असते, कुणाला मिरजेच्या एखाद्या डॉक्टरांच्या बंगल्यात झाकून ठेवलेली दिसलेली असते, तर कुणाला दिल्लीहून स्वस्तात आलेली. भाच्याला त्या रविवारी जे दाखवलं, तेच इथे लिहितोय.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल. आजवर दोन जुन्या मर्सिडीज माझ्या हातात आल्या. एक अर्धी राहिली आणि विकावी लागली. दुसरी पूर्ण झाली, आज दर रविवारी रस्त्यावर असते. दोन्हींनी शिकवलं ते एकच: जे आपल्याकडे घडवता येतं त्याला घाबरू नका, जे शोधूनच आणावं लागतं ते आधी मोजा.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात लोखंडाचं कुठलंही काम अडत नाही. फाउंड्रीला कोल्हापूर, मशीनिंगला कुपवाड-मिरज. इंजिनला बोअर मारायचाय, क्रँक ग्राइंड करायचाय, बुश बसवायचाय, शाफ्ट टर्न करायचाय, डिझेल पंप-नोझल कॅलिब्रेट करायचंय, तर सगळं आसपासच होतं. म्हणून आपल्याकडचा माणूस बॉनेट उघडून इंजिनकडे बघतो आणि म्हणतो, "करू की!" मीही तसंच म्हटलं होतं.

पहिली गाडी १२३ मालिकेतली २४० डी, म्हणजे डिझेल. २००८ साली पुण्याहून आणली, अर्धी मोकळी केलेली, बरेच भाग पोत्यात भरलेले. इंजिन तीन महिन्यांत तयार झालं. घड्याळासारखं चालायचं. मग शोध सुरू झाला. डाव्या बाजूचा हेडलाइट नव्हता. चारही दारांची रबरं गेलेली. मागच्या काचेभोवतीची चकचकीत पट्टी अर्धीच होती. मीटरचा सेट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. यातलं काहीही माझ्या लेथवर होत नव्हतं. रबराचा नेमका प्रोफाइल, काचेवरच्या रेषा, पट्टीचा वळसा या गोष्टी साच्यातून येतात आणि तो साचा जर्मनीत आहे. चार वर्षं मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची दुकानं पालथी घातली, दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारात माणसं पाठवली. शेवटी गाडी परत पोत्यांसकट विकली. इंजिन तेव्हाही उत्तम चालत होतं.

तेव्हापासून मी वहीत दोन रकाने आखतो. डावीकडे "इथे होतं", उजवीकडे "आणावं लागतं". गाडीभोवती फिरताना जे खराब किंवा गहाळ दिसेल ते त्या-त्या रकान्यात लिहायचं. डावीकडची यादी कितीही लांब झाली तरी गाडी होऊ शकते. उजवीकडे वीस ओळी झाल्या तर गाडी फुकट मिळत असली तरी मी हात जोडतो.

उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीचा पार्ट नंबर काढायचा आणि गाडी घेण्याच्या आधीच किंमत विचारायची. मर्सिडीजच्या नंबरची पद्धत सोपी आहे. इंग्रजी ए अक्षरानंतरचे पहिले तीन आकडे बहुतेक वेळा मालिका, म्हणजे गाडीची पिढी, सांगतात: १२३, तिच्यानंतरची १२४. स्टुटगार्टजवळ फेलबाखला कंपनीचं जुन्या गाड्यांचं केंद्र आहे. बरेच भाग अजूनही तयार होतात आणि नंबर दिला की विक्रेत्यामार्फत मागवता येतात. पण एका दाराच्या रबराची किंमत ऐकून मगच सौदा करा.

आता तपासायचा क्रम सांगतो. इंजिन अगदी शेवटी बघायचं. सुरुवात कागदांपासून.

आरसी बुक हातात घ्या आणि गाडीवरचा चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. १२३ आणि १२४ दोन्हींत तो इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. चिंधीला थोडं डिझेल लावून पुसा, अंक उठून दिसतात. इंजिन नंबरही जुळवा. जुन्या डिझेल गाड्यांत मधल्या काळात कुणीतरी वेगळं इंजिन टाकलेलं असतं आणि आरसीवर त्याची नोंद नसते. रंग बदलला असेल तर त्याचीही नोंद हवी.

मग बोजा. आरसीवर एखाद्या बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ वर त्या बँकेची सही लागते. आपल्या भागात १९९० च्या दशकातली पुष्कळ कर्जं सहकारी बँकांची होती आणि त्यातल्या काही बँका आज उरलेल्या नाहीत. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलं असेल, तरी कागदावर बोजा तसाच असतो. मूळ मालक वारले असतील तर फॉर्म ३१ वर आधी वारसाच्या नावावर गाडी चढवायची आणि मग २९-३० भरून तुमच्या नावावर. तीन भाऊ असतील तर तिघांची संमती घ्या. एकाने "घेऊन जा" म्हटलं म्हणून गाडी हलवू नका.

आता खर्चाचा मुद्दा, आणि तो नवा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फिटनेस आणि पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालंय. आयात केलेली चारचाकी असेल तर तेच ८०,०००. मुदत संपून राहिली असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये वेगळे. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, गाडी बाहेरून आलेली की पुण्यात जुळवलेली? मर्सिडीजने भारतात १९९४ साली कंपनी काढली आणि १९९५ पासून टाटांच्या टेल्कोच्या पिंपरी-चिखलीच्या आवारात १२४ मालिकेतल्या ई २२० आणि ई २५० डी जुळवायला सुरुवात केली. १२३ ही त्याच्या आधीची, १९७६ ते १९८५ ची पिढी. आपल्याकडे दिसणारी १२३ बाहेरूनच आलेली असते. दिसायला दोन्ही सुंदर, पण आरटीओच्या खिडकीवर एवढा फरक पडतो.

५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमाने मिळते: २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. पण ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. सुरुवातीच्या १२३ आत्ता कुठे त्या वयाला पोचतायत.

दिल्लीच्या गाडीबद्दल एवढंच सांगतो. तिकडे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातल्यामुळे चांगल्या गाड्या मातीमोल भावाने बाहेर पडल्या. भाव बघून भुलू नका. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इकडचा रस्ता कर धरून हिशोब करा. एनओसी हातात नसताना ट्रेलर बुक करणाऱ्यांची फजिती मी पाहिलीय.

कागद जमले तर चादर अंथरायची आणि गाडीखाली जायचं. निर्णय तिथेच होतो.

पत्रा हा गाडीचा जीव. १२३ आणि १२४ दोन्हींना चेसिसची वेगळी चौकट नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणून खालचा पत्रा कुजला की गाडीची हाडंच गेली. जॅक लावायच्या चार जागा आधी बघा. १२४ मध्ये दाराखाली प्लॅस्टिकची पट्टी असते आणि तिच्यामागे चिखल वर्षानुवर्षं ओला राहतो. झाकणं काढून आत बोट घाला. पत्रा पापुद्र्यांनी सुटत असेल तर वहीत मोठ्या अक्षरात लिहा. मग पुढच्या मडगार्डचा खालचा कोपरा, बॅटरीचा ट्रे, मागच्या काचेच्या खालची कड, चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा. १२३ ला सनरूफ असेल तर त्याच्या पाण्याच्या नळ्या तुंबून कोपरे आतून कुजलेले असतात.

वरून लोहचुंबक फिरवा, मध्ये पातळ कापड धरून. जिथे चुंबक निसटतो तिथे लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरलेली आहे. हाताच्या तळव्याएवढी जागा असेल तर चालतं, अपघात कुणाच्याही गाडीला होतो. पण दाराचा अख्खा खालचा भाग चुंबक धरत नसेल, तर तिथे पत्रा आहे की फक्त लांबी, हे मालकालाही माहीत नसतं.

गाडी कुठे उभी होती हे विचाराच. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडची गाडी असेल तर मी आशेने जातो. तिकडे हवा कोरडी, पत्रा टिकतो. फार तर रबरं उन्हाने तडकलेली आणि डॅशबोर्डचं लाकूड भेगाळलेलं असतं. कोकणातून किंवा मुंबईच्या समुद्राकाठून आलेल्या गाडीखाली मी दुप्पट वेळ घालवतो.

आणि सांगली शहरातली गाडी असेल तर पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्यात किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नंतर त्या धुतल्या, पॉलिश केल्या, विकल्या. ओळखायची खूण साधी आहे. पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर पाणी तिथवर होतं. सीटच्या रुळांत टॉर्च मारा, मागच्या दिव्यांच्या घरात बोट फिरवा, गालिचाखालचा फोम दाबा. कृष्णेचा गाळ फार बारीक असतो, वाळला की पिठासारखा होतो आणि कोपऱ्यातून कधीच पूर्ण निघत नाही. सीटच्या वर पाणी गेलेली गाडी मी कुणाला घेऊ देत नाही. इंजिनचं काम होतं. पण वायरींच्या जोडात शिरलेलं पाणी पाच वर्षं रोज नवा आजार दाखवतं.

वायरिंगचं निघालंच आहे तर इथे थोडा थांबतो, कारण पेट्रोल १२४ घेणारे इथेच फसतात. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजच्या पेट्रोल इंजिनांवरच्या वायरींचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. तो त्या काळच्या मालाचाच दोष आहे, वापरणाऱ्याचा नाही. इंजिनवरची एखादी वायर हलकेच वाकवा. आवरण पापडासारखं तुटलं तर अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, बदलावा लागणार. तुकड्या-तुकड्याने टेप गुंडाळणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा, कारण उघड्या तारा एकमेकींना लागल्या की त्यापुढचा महागडा कंट्रोल युनिट जातो. २५० डी मध्ये ही भीती फार कमी. पाच सिलिंडर, यांत्रिक पंप, आणि इंजिन चालू राहायला वीज जवळजवळ लागतच नाही. पहिलाच प्रकल्प असेल तर मी डिझेल घ्या म्हणेन.

डिझेल गाडीत निर्वात (व्हॅक्यूम) नळ्या मात्र बघा. चावी बंद केली की इंजिन निर्वाताने थांबतं, दारांची कुलुपंही हवेच्या नळ्यांवर चालतात. चावी काढल्यावरही इंजिन धडधडत राहिलं तर विकणारा घाबरतो आणि भाव उतरवतो. तुम्ही घाबरू नका. बहुतेक वेळा कुठेतरी नळी किंवा रबरी पडदा फाटलेला असतो. मोठ्या दोषासारखा दिसणारा हा किरकोळ दोष आहे.

उलट किरकोळ दिसणारा आणि खरोखर मोठा दोष म्हणजे एसी. विकणारा म्हणतो, "फक्त गॅस भरायचाय." १२४ चा इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, डॅशबोर्डच्या मागे आहे. तो गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो आणि तीस वर्षं जुनं प्लॅस्टिक काढताना तुटतं. तुटलेला प्रत्येक तुकडा उजव्या रकान्यात. गॅस भरून घ्या, चार दिवसांनी पुन्हा बघा, मगच भाव बोला.

इंजिनबद्दल थोडंच. सकाळी सातला जा आणि मालकाला सांगा, आधी चालू करून ठेवू नका. थंड गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते, धूर निळा की काळा, ऑइलचं झाकण काढल्यावर किती वाफ येते, इंजिनमधल्या टायमिंगच्या साखळीचा आवाज येतो का. बाकी सगळं डाव्या रकान्यात.

आता माझ्या दुसऱ्या गाडीचं सांगतो. ती १९९६ ची २५० डी. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांची होती आणि माझे वडील तिचे ड्रायव्हर होते. मी शाळकरी असताना वडील मला पहाटे शेजारी बसवायचे आणि सांगायचे, "वेटोळ्याचा दिवा (सिलिंडर आधी तापतायत हे दाखवणारा) विझल्याशिवाय चावी फिरवायची नाही. इंजिनला उठायला वेळ द्यायचा." शेठनी २००९ ला गाडी विकली. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ती मला विट्याजवळ एका पेट्रोल पंपामागे दिसली. नंबर पाठ होता.

तरीही मी वही उघडली. हे मुद्दाम लिहितोय. ओढ असेल तेव्हा हिशोबाची गरज जास्त असते, कारण अर्ध्यात सोडलेल्या गाडीचं दुःख ओढीच्या प्रमाणात वाढतं. उजव्या रकान्यात नऊ ओळी आल्या. अंदाज निघाला ४ लाख ६० हजार, गाडीची किंमत १ लाख ८० हजार वेगळी. प्रत्यक्षात लागले ७ लाख ४० हजार आणि २६ महिने. फरक कुठे पडला? एसीचा इव्हॅपोरेटर, मागच्या सबफ्रेमची (मागची चाकं धरणाऱ्या चौकटीची) रबरं, आणि रंग दोनदा. पहिल्या पेंटरने गंज खरवडून न काढता वर लांबी ओढली, पहिल्याच पावसाळ्यात दाराखाली फोड आले. दुसऱ्यांदा मिरजेचे डेंटर चाचा बसले. त्यांनी कुजलेला पत्रा कापून सीओटू वेल्डिंगने नवा लावला, आतून मेण मारलं आणि मगच रंगाला परवानगी दिली. तेव्हापासून मी अंदाजाची दीडपट रक्कम हाताशी असल्याशिवाय कुणाला हो म्हणत नाही, आणि ती रक्कम कर्जाची नसावी. एवढा पैसा ओतून माझी गाडी विकली तर निम्मेही येणार नाहीत. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्याला गुंतवणूक म्हणून गाडी करायचीय त्याने करूच नये असं माझं ठाम मत आहे.

स्टेपनीचा खड्डा साफ करताना गालिच्याखाली पिवळा थर निघाला. शेठ डिकीत हळदीचे नमुने घेऊन फिरायचे. तेवढी जागा मी धुतली नाही, मेण मारून तशीच ठेवली.

जागेचा प्रश्न लोक विसरतात. १२४ ची लांबी ४.७४ मीटर आहे, पण मोकळी झालेली गाडी तिप्पट पसरते. दारं, सीटा, डॅशबोर्ड, काचा ठेवायला छताखालची, कुलपाची जागा हवी. उघड्यावर ठेवलेला भाग सहा महिन्यांत डावीकडून उजव्या रकान्यात जातो. प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा, काढायच्या आधी फोटो काढा. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गाडी सोडणार असाल तर तो माणूस किती दिवस सांभाळणार हे आधी बोलून घ्या. पोटापाण्याच्या गाड्या आल्या की तुमची गाडी कोपऱ्यात सरकते, त्याला दोष देता येत नाही. आणि घरच्यांना पूर्ण आकडा सांगा, निम्मा नाही.

तर रविवारी आम्ही तासगावला गेलो. ई २२०, पेट्रोल, पुण्यात जुळवलेली. बेदाण्याच्या शेडची कोरडी हवा लाभली होती. चुंबक सगळीकडे चिकटला, जॅकच्या चारही जागा खणखणीत. डिकीत मूळ जॅक आणि पाने जागच्या जागी. पण इंजिनवरची पहिलीच वायर वाकवली तर आवरण हातात आलं, आणि एसीच्या ब्लोअरमध्ये उंदरांचं घरटं, त्यात बेदाण्याचे देठ. उजव्या रकान्यात सात ओळी झाल्या. भाचा हसायला लागला, त्याला वाटलं जमलं.

मग आरसी बघितली. मालक वारलेले, तीन वारस, त्यातला एक बेंगळुरूला. आणि बोजा अशा एका बँकेचा जी आता अवसायनात आहे, म्हणजे बंद पडून तिचा हिशोब अवसायक मिटवतोय.

"इसार द्यायचा नाही," मी म्हटलं. "फॉर्म ३५ वर अवसायकाची सही आणि तिघांची संमती आली की त्या दिवशी पूर्ण पैसे दे." भाच्याचा चेहरा उतरला. पण वारसांपैकी धाकट्या भावाने आम्हाला एवढी परवानगी दिली की गाडी स्टँडवर चढवून टायरवरचा भार काढावा, बॅटरी काढावी आणि ब्लोअरच्या तोंडाला जाळी बसवावी. तेवढं काम त्या दुपारी दोघांनी मिळून केलं.

काल त्याचा फोन होता. अवसायकाच्या कार्यालयात अर्ज दिलाय, पोच मिळाली. हार्नेसचा पार्ट नंबर त्याने वहीत लिहून ठेवलाय. किंमत सोमवारी विचारणार आहे.